डोळ्यांदेखत हिंसा पाहिलेलं लहान मूल: सांभाळणाऱ्यांसाठी पायरी-पायरीनं

‘लहान आहे, विसरेल.’ अशा मुलाच्या आसपासची मोठी माणसं सगळ्यात आधी हेच म्हणतात, आणि अगदी मनापासून म्हणतात. पण मूल विसरत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला घडलेलं शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ते झोपेत, जेवणात, खेळात, अंथरूण ओलं करण्यात आणि कुठल्या कुठे भडकणाऱ्या रागात बाहेर येतं.

माझा भाचा साडेतीन वर्षांचा असताना आमच्याकडे राहायला आला. त्यानं घरात काय पाहिलं ते त्याचं आहे, ते मी इथे लिहिणार नाही. त्याला सांभाळताना जे कळलं, आणि त्यासाठी जे वाचावं, विचारावं लागलं, ते पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी मांडते आहे. लेख साधारण दोन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल आहे. घरातली मारहाण असो, रस्त्यावरचा हल्ला असो की दंगल, बऱ्याच गोष्टी सारख्याच असतात.

यातली मुख्य गोष्ट आधीच सांगते. मुलाच्या मनातलं उकरून काढायचं नाही आणि दाबूनही टाकायचं नाही. काय झालं ते ज्याला माहीत आहे आणि ते ऐकताना जो डगमगत नाही, असा एक मोठा माणूस त्याला रोज लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या तो माणूस होण्यासाठी आहेत.

हाताशी काय ठेवायचं

कागद:
- मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, आधीच्या आजारपणाची फाईल
- ताबा किंवा संरक्षणाबद्दल कोर्टाचा आदेश असेल तर त्याच्या दोन-तीन प्रती (एक शाळेसाठी)
- तक्रार झाली असेल तर तिची प्रत, वकील किंवा सामाजिक कार्यकर्त्याचा नंबर
- मुलाला शाळेतून कोण नेऊ शकतं त्यांची नावं, सहीसकट

वस्तू:
- एक साधी वही. ही सगळ्यात जास्त उपयोगी पडते, कशी ते पाचव्या पायरीत
- कोरे कागद, जाड खडू, क्ले
- खेळण्यातली माणसं, एखादं घर, रुग्णवाहिका, डॉक्टरचा संच, खेळण्यातला फोन. बंदूक आणून द्यायची गरज नाही, मूल खडूचीही बंदूक करतं
- रात्रीचा मंद दिवा
- जुन्या घरातली त्याची एखादी वस्तू, पांघरूण किंवा बाहुली. ती लगेच धुवायला टाकू नका, तिच्या वासानं त्याला आधार वाटतो

## १. हिंसा खरंच थांबली आहे का, ते बघा

मारहाण चालू असलेल्या घरात कुठलंही समुपदेशन मुलाला बरं करू शकत नाही. मूल सतत कान टवकारून बसलेलं असतं, आणि तिथे त्याचं तसं बसणं बरोबरच असतं. तुम्ही स्वतः मार खात असाल तर आधी या विषयात काम करणाऱ्या संस्थेशी किंवा हेल्पलाइनशी, सुरक्षित फोनवरून बोला. घर सोडण्याचा काळ अनेकदा सगळ्यात धोक्याचा असतो, त्यामुळे भांडणाच्या भरात बाहेर पडण्यापेक्षा आखून बाहेर पडलेलं बरं. बेत लहान मुलाला आधी सांगू नका. चार वर्षांच्या मुलाच्या पोटात गुपित राहत नाही, आणि ते फुटलं तर दोष त्याच्या माथी बसतो. त्याला एवढंच शिकवा: मोठी माणसं भांडायला लागली की मध्ये पडायचं नाही, ठरलेल्या जागी जायचं.

सुरक्षित जागी आल्यावर ‘आता कधीच काही होणार नाही’ असं वचन देऊ नका. तुमच्या हातात आहे तेवढंच सांगा: ‘आज रात्री आपण इथे आहोत. दाराला आतून कडी आहे. मी तुझ्या शेजारी झोपणार आहे.’ मूल हे तपासून बघू शकतं. कडी दाखवा. हवं तर त्यालाच लावू द्या.

घटना बाहेरची असेल तर टीव्ही आणि मोबाइलवरच्या क्लिप बंद करा. तेच दृश्य पुन्हा दिसलं की लहान मुलाला ते पुन्हा घडतंय असं वाटू शकतं. १९९५ मध्ये ओक्लाहोमा शहरात बॉम्बस्फोट झाला, त्यानंतरच्या अभ्यासांत टीव्हीवर तो जास्त पाहण्याचा आणि मुलांमधल्या त्रासाचा संबंध दिसला होता. तिथे नसलेली मुलंही त्यात होती.

## २. पहिले काही आठवडे बोलण्यापेक्षा दिनक्रम सांभाळा

उठणं, जेवण, अंघोळ, झोप रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं आणि शक्यतो त्याच माणसाच्या हातून. हे कंटाळवाणं होतं, पण त्यातूनच मुलाला पुढे काय होणार याचा अंदाज यायला लागतो.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या दोघी मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या. त्यांचं निरीक्षण असं की लहान मुलं बॉम्बला किती घाबरतात हे बरंचसं जवळच्या मोठ्या माणसाच्या अवस्थेवर ठरत होतं, आणि घरच्यांपासून तुटणं कित्येकांना बॉम्बपेक्षा जड गेलं. म्हणून ‘थोडे दिवस याच्याकडे, थोडे दिवस तिच्याकडे’ टाळा. मदतीला येणारी माणसं तुमच्या घरी येऊ देत, मूल फिरवू नका.

आवाज करण्याआधी सांगा: ‘आता मिक्सर लावते हं.’ मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका. पाहुण्यांना आधीच बजावून ठेवा की त्याला उचलायचं नाही आणि त्याच्यासमोर ‘बिचारा’ म्हणायचं नाही.

झोप हा वेगळाच विषय आहे. झोप लागल्यावर तास-दोन तासांत मूल किंचाळत उठलं, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, तर त्या वेळी ते खरं म्हणजे गाढ झोपेतच असतं. हलवून जागं करू नका. पडणार नाही एवढं बघा आणि शांत आवाजात शेजारी बसा. पहाटेकडे रडत उठलं आणि तुम्हाला बिलगलं तर ते बहुधा वाईट स्वप्न. तेव्हा पूर्ण जागं करा, दिवा लावा, खोली दाखवा. दोन्ही वेळा ‘काय दिसलं?’ म्हणून खोदायचं नाही.

झोपेच्या गोळ्यांचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: आघातानंतरच्या निद्रानाशासाठी किंवा अस्वस्थपणासाठी मुलांना बेन्झोडायझेपीन गटातली (झोप आणणारी, शांत करणारी) औषधं देऊ नयेत. घरातल्या मोठ्यांच्या पाकिटातली अर्धी गोळी तर मुळीच नाही.

## ३. काय झालं ते छोट्या वाक्यांत सांगा

इथे बहुतेक घरं गप्प बसतात. मोठ्यांना वाटतं, विषय काढला की मूल पुन्हा घाबरेल. पण कुणी काही सांगितलं नाही तर लहान मूल रिकाम्या जागा स्वतः भरतं, आणि बहुतेक वेळा स्वतःला गुन्हेगार करून भरतं. ‘मी दूध सांडलं म्हणून बाबा चिडले.’ ‘मी ओरडलो असतो तर झालं नसतं.’ या वयात आसपास जे घडतं ते आपल्यामुळे घडलं असं मुलांना सहज वाटतं. त्यामुळे ‘तुझ्यामुळे झालं नाही’ हे वाक्य मूल विचारत नसलं तरी सांगायचं, आणि अधूनमधून पुन्हा सांगायचं.

सांगण्याचा साचा साधा ठेवा. काय झालं, ते कुणाचं चुकलं, आता कोण कुठे आहे, आज काय होणार:

‘बाबांनी आईला मारलं. आईला लागलं. मारणं चुकीचं होतं. ते तुझ्यामुळे झालं नाही. मोठ्या माणसांना सांभाळणं हे तुझं काम नाही. आई दवाखान्यात आहे, डॉक्टर तिच्याकडे बघतायत. आज तू माझ्याजवळ झोपणार.’

एवढंच. मग थांबा. मूल तोंड फिरवून गाड्या खेळायला लागलं तर लागू दे, त्यानं ऐकलेलं असतं. पुढे कधीतरी दात घासताना, चप्पल घालताना अचानक प्रश्न येईल. उत्तर तिथेच, तेवढंच द्या.

कोणी मेलं असेल तर ‘मेली’ हाच शब्द वापरा. ‘झोपली’ म्हणालात तर मूल झोपायला घाबरू शकतं, ‘लांब गेली’ म्हणालात तर ते दाराशी वाट बघत बसतं. ‘आई मेली. तिचं शरीर बंद पडलं. तिला आता दुखत नाही, भूक लागत नाही. ती परत येऊ शकत नाही.’ पाच वर्षांच्या आतल्या बहुतेक मुलांना मरण कायमचं असतं हे कळत नाही, त्यामुळे ‘उद्या येईल?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येणार. तुम्हाला हे बोलताना रडू आलं तर येऊ द्या, ‘मला आईची आठवण आली म्हणून मी रडतेय’ एवढं सांगा. मुलाला तुमचे डोळे पुसायला लावू नका.

ज्यानं मारलं तो मुलाचा बाप, काका, भाऊ असेल तर मुलाला त्याची आठवणही येते. याचा सांभाळणाऱ्यांना फार त्रास होतो, मलाही झाला. तरी ‘बाबा राक्षस आहेत’ असं बोलायचं नाही, कारण मूल स्वतःला त्याच बापाचं समजतं. ‘बाबांनी केलं ते चुकीचं. तुला त्यांची आठवण येते हे चुकीचं नाही.’ ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवता यायला हवीत.

## ४. खेळू द्या, आणि खेळाकडे नीट बघा

१९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावी २६ मुलांसकट एक स्कूलबस बंदुकीच्या धाकानं पळवली गेली. मुलं सुखरूप सुटली. बालमानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी नंतर त्यांतल्या मुलांना भेटून, आणि चार वर्षांनी पुन्हा भेटून अभ्यास केला. त्यांना दिसलं की मुलं घडलेल्या गोष्टीचाच खेळ खेळतात, त्याच क्रमानं, गंभीर चेहऱ्यानं, आणि त्यातून त्यांना मोकळं वाटत नाही. आणखी एक गोष्ट दिसली: कितीतरी मुलांना वाटत होतं की आधी काहीतरी खूण दिसली होती, ती आपण ओळखायला हवी होती.

खेळातला हा फरक डोळ्यांना दिसतो. माझा भाचा रुग्णवाहिका घेऊन बसायचा. ती सोफ्याखालून निघायची, चटईच्या कडेपर्यंत यायची आणि तिथे उलटायची. मग पुन्हा सोफ्याखाली. कडेच्या पलीकडे एक बाहुली पडलेली असायची. तोंडातून आवाज नाही. जेवायला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही.

असं दिसलं तर खेळ बंद करू नका आणि त्याचा अर्थही समजावून सांगू नका. शेजारी बसा. दिसतंय ते हळू बोला: ‘गाडी निघाली. अरे, उलटली. बाहुली वाट बघतेय.’ दोन-चार दिवसांनी एक लहानशी वाट सुचवा: ‘ही गाडी सरळ करायला कुणाला बोलवायचं का?’ मूल नाही म्हणालं तर नाही. आमच्याकडे पुष्कळ दिवस उत्तर नाहीच होतं. मग एकदा त्यानं स्वतः फोन उचलून क्रेन मागवली, आणि क्रेनही उलटली. थेरपिस्टच्या मते ती मोठी प्रगती होती. गोष्टीत नवं पात्र आलं होतं.

खेळ महिनाभर जसाच्या तसा राहिला, खेळून झाल्यावर मूल आणखी बिथरलेलं असलं, किंवा ते खेळात दुसऱ्या मुलाला वा प्राण्याला खरंच इजा करत असलं, तर आठव्या पायरीवर जा.

## ५. वहीत लिहा

रोज दोन ओळी. वार, वेळ, काय झालं, त्याच्या लगेच आधी काय झालं होतं, किती वेळ टिकलं. मतं लिहू नका, ‘हट्टीपणा केला’ हे तर नकोच.

आमच्या वहीत सकाळी साडेआठच्या आसपास रडण्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा यायच्या, आणि रविवारी एकही नाही. शाळेचा कंटाळा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. ‘आधी काय झालं’ हा रकाना वाचत गेल्यावर लक्षात आलं की त्याच वेळी त्याचे काका ऑफिसची तयारी करतात. पट्ट्याच्या बकलाचा आवाज! काका दुसऱ्या खोलीत पट्टा बांधायला लागले. पुढे कधीतरी त्यांनी पट्टा त्याच्या हातात दिला आणि त्यानं तो खेळण्यातल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधला.

आवाज, वास, एखादा रंग, दारूचा दर्प, जिना, ठरावीक वेळ, काहीही असू शकतं. मुलाला स्वतःला ते सांगता येत नाही.

## ६. मूल लहान झाल्यासारखं वागलं तर

सुटलेलं अंथरूण पुन्हा ओलं होणं, अंगठा चोखणं, बोबडं बोलणं, एकट्यानं संडासला न जाणं हे सगळं चालतं. शिक्षा, टोमणे, चारचौघांत सांगणं नको. अंथरुणावर मेणकापड घाला, रात्री कपडे हाताशी ठेवा, विषय संपला.

मारणं-चावणं मात्र थांबवायचं. हात धरा, खाली बसून डोळ्यांसमोर या: ‘मी तुला मारू देणार नाही. या घरात कुणी कुणाला मारत नाही.’ हे बोलणाऱ्यानं स्वतः कधीच हात उगारायचा नाही, गमतीनंही नाही. राग अंगात असताना श्वासाचे धडे देऊन उपयोग नसतो. शांत असताना साबणाचे फुगे फुंकायचा खेळ खेळा, लांब श्वास सोडायला मूल त्यातूनच शिकतं. डोळे मिटायला सांगू नका, अशा मुलांना ते भीतीचं वाटू शकतं.

सगळ्यात जास्त फसवतं ते शहाणं मूल. हूं की चूं नाही, सगळं आवरून ठेवतं, तुमचा चेहरा वाचत राहतं. सगळे कौतुक करतात. त्याच्याही नोंदी तितक्याच काळजीनं ठेवा. उलट सतत दचकणारं, एका जागी न बसणारं मूल ‘अतिचंचल’ म्हणून शिक्का घेऊन येऊ शकतं, म्हणून तपासणीला जाल तिथे त्यानं काय पाहिलं आहे ते सांगाच.

## ७. शाळेला किती सांगायचं

सगळं नाही. वर्गशिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना भेटून तीन गोष्टी सांगा: घरी मोठी घटना घडली आहे, कशानं दचकतो, दचकल्यावर काय केलं की बरं वाटतं. चौथी गोष्ट लेखी द्या, ती म्हणजे मुलाला कोण नेऊ शकतं आणि कोण नाही, आदेशाच्या प्रतीसह. शिपाई आणि बसमधल्या ताईंपर्यंत ती यादी पोचली का, हेही विचारा. गोंधळ तिथेच होतो.

## ८. तज्ज्ञाकडे कधी जायचं, काय विचारायचं

पहिल्या महिन्यात बरीच लक्षणं दिसतात आणि अनेक मुलांची हळूहळू उतरतात. महिना उलटूनही ती तशीच असली, वाढली, किंवा मूल खाणं-बोलणं सोडत असलं, स्वतःला इजा करत असलं, मरायचं बोलत असलं, तर जा. यातल्या शेवटच्या तिन्हींसाठी महिना थांबूच नका. आधी बालरोगतज्ज्ञांकडून कान, पोट, वजन तपासून घ्या.

‘तो तर हसत-हसत सांगतो, म्हणजे त्याला काही वाटत नाही’ यावर विसंबू नका. डीएसएम-५ हे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरलं जाणारं २०१३ सालचं अमेरिकन पुस्तक सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी आघातोत्तर तणावाचे (पीटीएसडीचे) वेगळे निकष देतं. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की आठवणी वर येताना मूल दुःखी दिसेलच असं नाही, आणि त्या खेळातून येऊ शकतात. जवळच्या माणसावरचा हल्ला नुसता पाहणंही तिथे धरलं आहे.

विचारायचे प्रश्न:
- सहा वर्षांच्या आतल्या, हिंसा पाहिलेल्या मुलांबरोबर तुम्ही काम केलं आहे का?
- मी खोलीत असणार की बाहेर? (या वयात सांभाळणाऱ्याला पूर्ण बाहेर ठेवणारी पद्धत असेल तर कारण विचारा.)
- मूल काही बोललं तर ते कुणाकुणाला सांगावं लागतं?
- साधारण किती काळ, आणि फरक पडतोय हे कशावरून कळेल?

दोन पद्धतींची नावं माहीत असू द्या. चाइल्ड-पेरेंट सायकोथेरपी ही जन्मापासून साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असते. आई किंवा सांभाळणारा आणि मूल एकत्र बसतात, आठवड्यातून एकदा, जवळपास वर्षभर. ॲलिशिया लिबरमन आणि पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न यांनी ती सॅन फ्रान्सिस्कोत घडवली. तिथे सुरुवातीलाच मुलाला सांगतात की तू काय पाहिलंस हे आम्हाला माहीत आहे, म्हणून तू इथे आला आहेस. दुसरी, आघातावर लक्ष ठेवणारी सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी), साधारण तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी. ती पुष्कळदा १२ ते १६ भेटींत होते, आणि तिथेही पालकाला गृहपाठ असतो. तुमच्या भागात नेमकी हीच मिळाली नाही तरी नावं माहीत असली की समोरचा काय करतोय ते विचारता येतं.

‘एकदाच सगळं ओकून टाकू दे, मोकळा होईल’ असं म्हणणाऱ्यापासून दूर राहा. औषधाची चिठ्ठी पहिल्याच भेटीत हातात पडली तर दुसरं मत घ्या. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या सूचना १८ वर्षांखालच्यांना आघातोत्तर तणावासाठी औषधं देऊ नका असं सांगतात.

आणि तुम्ही? मार तुम्हीही खाल्ला असेल, बहीण तुमचीही गेली असेल. स्वतःसाठी वेगळी वेळ घ्या, मुलाच्या भेटीत तुमचं दुःख बसवू नका.

## ९. तक्रार किंवा खटला चालू असेल तर

मुलाची उलटतपासणी घरी घेऊ नका. ‘त्यांनी काठीनं मारलं ना?’ अशा प्रश्नानं काठी आठवणीत शिरते, आणि मग खरं-खोटं मुलालाही वेगळं करता येत नाही. ते आपणहून बोललं तर ‘बरं’, ‘मग?’ एवढंच. नंतर त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून वहीत लिहा. प्रशिक्षित माणसानं, कमीत कमी वेळा, मुलाला भीती वाटणार नाही अशा जागेत जबाब घ्यावा असा आग्रह धरा. वकिलानं सांगितलं म्हणून मुलाकडून वाक्यं पाठ करून घेऊ नका.

ज्यानं हिंसा केली त्याची भेट कोर्टानं ठरवली असेल तर आदल्या दिवशी सांगा: कुठे, कोण सोबत, किती वेळ, मी कुठे थांबणार. परतल्यावर ‘काय म्हणाले?’ हा प्रश्न गिळून टाका. खायला द्या, खेळू द्या.

## १०. मूल पुन्हा विचारेल तेव्हा

सगळं सुरळीत झालंय असं वाटत असताना काहीतरी परत येतं: नवी शाळा, घरात बाळ, घटना घडली ते दिवस पुन्हा येणं, दात पडणं. दोन-तीन आठवडे जुना दिनक्रम कडक करा, बहुतेकदा ते उतरतं. प्रश्न मात्र दर वयात नव्यानं येतात. चार वर्षांच्याला ‘बाबांनी मारलं’ पुरतं, सातव्या वर्षी ‘का मारलं?’ येतं, दहाव्या वर्षी ‘तुम्ही पोलिसांना आधी का नाही बोलावलं?’ हाही येतो. तपशील वाढतील, पण आधीचं उत्तर खोटं ठरता कामा नये. म्हणून पहिल्यांदा नेमकं काय सांगितलं, कोणत्या शब्दांत, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते पान वाचायला द्या.